किळसेचं अनुदान

निळ्या ज्योतीच्या मुळाशी एक बारीक पिवळा ठिपका थरथरत होता, आणि सत्यवतीची नजर त्यावरून हलत नव्हती. शेजारच्या बर्नादेतच्या शेगडीवर दुसऱ्यांदा चहा उकळत होता. पहिला पोटात गेला होता – आता गेला तो गेला...

"आमचो संडास जोडललो आसा गो गोबरगॅसाक," बर्नादेत हसत म्हणाली. "तुका वास इलो कधी?"

नव्हता आला. वर्षभर ती इथे चहा पीत होती, वर हक्काने अजून अर्धा कप मागत होती.

पाणंदीतून घरी येताना तिने उगीचच जिभेवरची चव चाचपून पाहिली. आलं, साखर, बाकी काही नाही. दुपारी गोबरगॅस बांधून देणाऱ्या संस्थेचा माणूस तिचं उत्तर घ्यायला यायचा होता. गोबरगॅसचा खड्डा खणून झाला होता, गोठ्यात दोन गाई, एक म्हैस, शेण हवं तेवढं. पण संडास बांधून तोही जोडलात तर सरकारचं जादा अनुदान, आणि त्या अनुदानाशिवाय संडास उभा राहत नव्हता. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यातून शनिवारी आलेला नवरा, रविकांत, म्हणाला होता, "रांदतलंस तू, तूच ठरव काय ता." सुटला बिचारा!

संडास हवा होता तो सासूसाठी. हौसाबाईंचे गुडघे गेले होते, तरी पहाटे टमरेल घेऊन त्या काजूच्या बागेत जायच्या. पावसात गडग्याच्या दगडी बांधावरून पडल्या तेव्हा सत्यवतीनेच त्यांना पाठीवर घेऊन आणलं – आणि वाटभर त्या रडत होत्या त्या लागलं म्हणून नव्हे, लुगडं वर गेलं म्हणून... पण ह्याच हौसाबाई सोवळ्याशिवाय देवाचा भात चुलीवर चढू देत नाहीत. सांगितलं तर जेवायच्या नाहीत. आणि न सांगता... मी रोज त्यांच्या ताटात वाढायचं, आणि त्यांनी विश्वासाने जेवायचं?

सरकारचं मात्र तिला नवल वाटत होतं. कुठल्या तरी कचेरीत पंख्याखाली बसून कुणी तरी बायकांच्या किळसेचा भाव ठरवला असेल. कसा ठरवला असेल? आधी स्वतःच्या घरी विचारलं असेल का? शेणाने आपण अंगण सारवतो, त्याच हातांनी भाकरी थापतो. आणि हे दुसरं – खाली टाकीच्या काळोखात दोन्ही एक होतात तेव्हा ज्योतीला काय कळतं, कुठलं कुणाचं?

हौसाबाई घरापुढच्या खळ्यात कोकमं फोडत बसल्या होत्या.

"खंय गेललंस गो?"

"बर्नादेतकडे."

"चाय घेतलंस?"

"घेतलंय."

विळीवर कोकम फुटलं. लाल बोटं थांबली, पण मान वर झाली नाही.

"त्येच्या गॅसाक वास येता काय गो?"

सत्यवती पायरीवरच थबकली. म्हणजे ह्यांना ठाऊक आहे? किती ठाऊक आहे?

"नाय," ती म्हणाली. "अजिबात नाय."

"हं," हौसाबाई म्हणाल्या, आणि पुढचं कोकम उचललं.

सकाळपासून सासूने काही विचारू नये म्हणून ती जीव मुठीत धरून होती. आता ती त्यांच्याजवळ टेकली, फोडलेली कोकमं सुपात ओढू लागली, आणि त्यांनी अजून एक तरी प्रश्न विचारावा म्हणून कान देऊन बसली.