चुकांचं खोकं

चार वाजता रद्दीवाला येणार होता. मुलीने विचारलं, "बाबा, हे खोकंही देऊ?"

"देऊन टाक," मी म्हणालो.

बायको जाऊन सोळा दिवस झाले होते. त्या दिवसांत कुणी काहीही विचारलं, तरी मी होच म्हणत होतो.

खोक्यात कार्डं होती. वर्गात मी मुलांच्या चुकांवर लाल रेघ कधी मारली नाही. वाक्य जसंच्या तसं कार्डावर उतरवायचं, वर तारीख. घरी आणली की बायको ती ओळीने लावायची. छत्तीस वर्षं.

नात खारूताई खोक्याशेजारी मांडी घालून बसली. "आजोबा, 'मी डबा आणलेला.' यात काय चुकलं?"

"तेव्हा 'आणला होता' म्हणायचे."

"कोण?"

"सगळेच. असं बोलणारा आधी एकच पोरगा होता. वर्ग त्याला हसला. पुढची कार्डं बघ. तीन वर्षांनी पाच जण. मग अर्धा वर्ग. मग कवायतीचे सर. शेवटी मुख्याध्यापकांची नोटीस."

"म्हणजे सगळे चुकले?"

"कुणी ठरवलं नाही, कुणी शिकवलं नाही. एकाचं ऐकून दुसरा बोलला. सगळेच बोलायला लागल्यावर चूक कुणाची म्हणायची?"

"आणि तुम्ही?"

"मी? कधीच नाही. विचार तुझ्या आजीला."

तोंडातून निघून गेलं. खारूने खोक्याच्या तळातलं एक कार्ड काढलं.

"हे आजीचं अक्षर."

तारीख सहा वर्षांपूर्वीची. 'मी दार लावलेलं.' खाली बारीक अक्षरात: 'आमचे मास्तरही घसरले. सांगायचं नाही. नाक कापलं जाईल बिचाऱ्यांचं.'

त्यामागे आणखी कार्डं. सगळी तिच्या हातची, सगळी वाक्यं माझी. शेवटच्यावर अक्षर कापरं होतं, तारीख गेल्या महिन्यातली. 'मी तुला हाक मारलेली, तू झोपलेलीस.'

मी दोनदा वाचलं. डोळ्यांत काही आलं नाही. चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

बेल वाजली. "बाबा, रद्दीवाला!"

"खोकं नको देऊ."

"अहो बाबा, आत्ताच तर दे म्हणालात!"

"म्हणालेलो," मी म्हणालो.

खारूने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग खोक्यातून एक कोरं कार्ड काढलं आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

"आधी तारीख," मी म्हणालो.