वाकड्या चमच्याची पंगत

उत्तर हिंदुस्थानातल्या शिंदे की छावनीत महिपतकाकांच्या घरी गणपतीचं जेवण म्हणजे काय तो थाट! सगळ्यांनी जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी हलायचं नाही. "आपलं लष्करी घराणं. शिस्त म्हणजे शिस्त," असं काका मिशीवर हात फिरवत दरवर्षी ऐकवायचे.

याच शिस्तीपायी गेल्या वर्षी त्यांनी पुतणीला, स्मृतीला, पंगतीतून उठवलं होतं. स्कूटरच्या अपघातानंतर तिच्या उजव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली होती. भात तोंडात कमी आणि कुर्त्यावर जास्त.

"मंदा, हिला आत नेऊन भरव. सगळी पंगत ताटकळलीय," काका भर पंगतीत म्हणाले. त्यांचा मुलगा समरजीत फिसकन हसला. दहावीतली घोडी ओट्याशी बसून मंदाकाकूच्या हातचे घास गिळत होती आणि प्रत्येक घासाला मनात म्हणत होती, थांबा, बघतेच तुम्हाला!

यंदा ती पिशवीत हत्यार घालूनच आली. बाबांनी पकडीत धरून मान वाकवलेला चमचा, त्याच्या दांड्यावर सायकलच्या हँडलचं जाडजूड रबर, आणि तळहाताभोवती आवळायला बाजारातल्या बॅगवाल्यानं शिवलेला पट्टा. सोबत उभ्या काठाची थाळी. भात काठाशी रेटला की सरळ चमच्यात! वर्षभर घासून सराव केलेला. मनात आणलं तर समरजीतच्या आधी ताट चाटूनपुसून साफ.

पण तिच्या मनात ते नव्हतंच.

"ये क्या, करछुल लेके आई है?" समरजीतनं डिवचलं.

"हो, पळीच. तुझ्या नाकात घालायला."

"अगं, मी भरवते ना आत," काकू कुजबुजली.

"नको काकू. मी इथंच बसणार. काकांच्या अगदी समोर."

वरणभात तिनं झपाझप संपवला. शीत सांडलं नाही. काका बघतच राहिले. मग बाकीच्यांचं उरकत आलं तशी स्मृती हळू झाली. चमच्याच्या टोकावर एवढीशी भाजी. चावतेय, चावतेय. पाणी. पुन्हा एवढीशी.

सगळ्यांची ताटं रिकामी. काकांचे गुडघे मांडीला दाद देईनात. या बाजूला कलले, त्या बाजूला कलले, कपाळावर घाम.

"झालं का गं?"

"होतंय, काका."

"यार, जल्दी निपटा ना!" समरजीत चिडला.

शेजारी बसलेले काकांचे व्याही पांडुरंगराव मात्र खूश. "वा! किती टापटीप जेवते पोर! महिपतराव, यजमान ना तुम्ही? सांगा तिला, सावकाश होऊ द्या."

व्याह्यांपुढे काय करणार? काकांनी दात आवळले. "सावकाश... होऊ द्या."

"काकू, बासुंदी वाढ ना अजून," स्मृती गोड आवाजात म्हणाली. "आणि एक पुरणपोळी. अख्खी."

काका पुढे वाकले. आवाज एकदम खाली. "हे बघ, पुढच्या वर्षीपासून ज्याचं झालं त्यानं उठावं, असं करू. पाय मेलेत गं माझे. उठू का मी?"

महिपतकाका तिला विचारत होते! तिला!

स्मृतीनं चमच्याच्या कडेनं पोळीचा नखाएवढा तुकडा तोडला.

"पुढच्या वर्षीपासून ना, काका? मग यंदा बसा."