न पाठवलेले तीन धडे

बाबा गेल्यानंतरच्या जलदान विधीला चार दिवस झाले होते आणि कुरिअरवाला दारात येऊन उभा राहिला. "आनंदराज सर हायेत का? ओटीपी लागंल."

लुंबिनीने कपाटातून वडिलांचा फोन काढला. आई तो रोज चार्ज करून ठेवायची. आलेला ओटीपी तिने वाचून दाखवला आणि हातात एक हलकासा खोका आला. आत कॉम्प्युटरचा प्रोसेसर होता. अटॅकच्या आठ दिवस आधी बाबांनी मागवलेला.

नांदेडच्या आयटीआयमध्ये तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलेल्या या माणसाला भीती एकाच गोष्टीची होती, मागे पडण्याची. प्रोसेसरची नवी पिढी यायची, ती जुन्या बोर्डावर बसायची नाही, पिनांची संख्या बदलायची, कधी पिनाच प्रोसेसरवरून सॉकेटमध्ये जायच्या. मुखेड, नायगाव, औशाला दुरुस्तीची दुकानं टाकून बसलेले त्यांचे विद्यार्थी गोंधळून जायचे. म्हणून निवृत्तीनंतर बाबा पहाटे मशीनसमोर बसून साध्या मराठीत एकेक धडा रेकॉर्ड करायचे आणि रविवारी सगळ्यांना पाठवायचे. उठण्यात आळस नको म्हणून त्यांनी मशीनलाच वेळ लावून दिली होती. साडेपाचला ते आपोआप सुरू व्हायचं.

अजूनही व्हायचं. बंद खोलीत पंखा घरघरायचा, दाराखालच्या फटीतून निळसर उजेड यायचा. ती सेटिंग कुठे असते हे लुंबिनीला ठाऊक होतं. काढून टाकायला दोन मिनिटं पुरली असती. तिने ती काढली नाही. आई तर साडेपाच ते सहा भांड्याला भांडं लागू द्यायची नाही.

"आई, आत कुणी नाही."

"मला कळतंय की," महामाया म्हणायची, आणि तेही हळू आवाजातच.

मुखेडहून बालाजीचा फोन आला. बाबांचा लाडका विद्यार्थी, बसस्टँडसमोर दुकान असलेला. "ताई, सरांचे तीन धडे यायचे राहिले. एकशे बारापर्यंत आलेत. सर म्हणले होते, तीन तयार हायेत, एकदा ऐकून पाठवतो. तेवढे बघता का?"

तिने ते आधीच पाहिले होते. एकशे तेरा, चौदा, पंधरा. फक्त नावं. उघडले नव्हते, दुसरीकडे कॉपीही केले नव्हते. ऐकले नाहीत तोवर बाबांचं काहीतरी सांगायचं बाकी होतं. ऐकले की संपले.

पण खोकाही तसाच ठेववेना. मशीन जुनं झालं होतं. हा प्रोसेसर आता नव्या सिस्टीमला चालणार नाही, अशी सूचना रोज पडद्यावर यायची. नवा बसवायचा म्हणूनच तर बाबांनी मागवला होता. सहावी-सातवीत असताना तिने त्यांच्या शेजारी बसून किती मशीन उघडली होती. लातूरच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागल्यावर ते सगळं सुटलं, तरी हात विसरले नसतील असं तिला वाटलं.

दुपारी तिने स्क्रू काढले. प्रोसेसरच्या डोक्यावरचा, त्याला थंड ठेवणारा पंख्याचा कूलर दोन्ही हातांनी धरला आणि सरळ वर ओढला. टक्क आवाज झाला. कूलर आला आणि त्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही उपटून आला. मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडक झाली होती. तेव्हा कुठे तिला आठवलं: बाबा आधी मशीन दहा मिनिटं चालू ठेवून गरम करायचे, मग कूलर हलकेच पिळून सोडवायचे. कोपऱ्यातल्या आठ-दहा पिना वाकल्या होत्या.

जाऊ दे, हा तर आता टाकायचाच, असं म्हणून तिने तो बाजूला ठेवला आणि नवा बसवला. मशीन सुरू झालं. काळ्या पडद्यावर चार ओळी उमटल्या. नवा प्रोसेसर आढळला आहे. जुन्या किल्ल्या पुसायच्या असतील तर वाय दाबा. नसतील तर एन.

तिने बालाजीला व्हिडिओ कॉल लावला.

"वाय दाबू नका!" तो ओरडलाच. "ताई, हात काढा आधी कीबोर्डवरनं. सरांनी डिस्कला कुलूप लावलंय का?"

"काय की."

"लावलंच असणार. आम्हाला लावायला लावलं, तर सर सोडतेत का? त्या कुलपाची किल्ली जुन्या प्रोसेसरशी बांधलेली असती. वाय दाबलं की गेली. एन दाबा, बंद करा, जुना परत बसवा. न्हाईतर अठ्ठेचाळीस आकड्यांची रिकव्हरी की पाहिजे. लिहून ठेवलीय का सरांनी?"

तिने डायऱ्या चाळल्या, खण उपसले. नव्हती.

"घ्या. आम्हाला दहादा बजावलं, लिहून ठेवा रे गाढवांनो. आन् स्वतः?" बालाजी हसला. "जुना कुठाय ताई?"

तिने कॅमेऱ्यापुढे धरला. तो पडद्याजवळ झुकून वाकलेल्या पिना मोजू लागला.

"एक जरी पिन तुटली, तर गेलं समजा. पेन्सिल हाय का, शिसं भरायची? शिसं काढा. तिचं रिकामं टोक पिनेवर घाला आन् पिन उभी करा. एका दमात न्हाई. थोडी थोडी."

फोन ठेवल्यावर आई दारात दिसली. बाबा गेल्यापासून ती या खोलीत आली नव्हती.

"मोडलं का?"

"वाकलंय."

"मंग सरळ कर." ती आत आली आणि बॅटरीचा उजेड धरून उभी राहिली.

केसाएवढ्या पिना. लुंबिनीला स्वतःचा श्वाससुद्धा आड येत होता. पाचव्या पिनेला वाटलं, गेली. पण ती नुसती लवली होती. तासाभराने प्रोसेसर दाब न देता आपसूक सॉकेटमध्ये उतरला. तिने नवी पेस्ट लावली, कूलर कसला, बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मग नेहमीचा पडदा उजळला, मागे बाबांच्या आयटीआयची इमारत.

तिने तिन्ही फाइल आधी पेनड्राइव्हवर घेतल्या, मग मोबाइलवर. मग एकशे पंधरावी उघडली, कारण ती शेवटची होती आणि आता धीर होता तो एवढाच.

"तर दोस्तहो," बाबा म्हणाले. आईने खुर्चीची पाठ धरली. नऊ मिनिटं ते नव्या प्रोसेसरबद्दल बोलले. मागवलाय, बसवल्याशिवाय सांगणार नाही, ऐकीव माहितीवर गिऱ्हाइकाचे पैसे घालवू नका. धडा संपला. फाइल संपली नाही. रेकॉर्डिंग बंद करायचं ते विसरले होते.

त्यात खुर्ची करकरली. मोबाइल वाजला.

"बोल बाई. एवढ्या सकाळी?"

लुंबिनीला तो फोन आठवला. लातुरात सात वाजताचा तास होता, ती बस-थांब्यावर उभी राहून बोलत होती.

"प्रोसेसर मागवलाय. शनिवारपर्यंत येईल. ये, दोघं मिळून बसवू... हां. हां, पेपर तपासायचे असतील... बरं. आली का बस? जा, जा. ठेव."

मग नुसता पंखा. ती यायचं बोललीच नव्हती. नंतर करते फोन, एवढंच म्हणाली होती, आणि केला नव्हता. प्रोसेसर शनिवारी आला नाही. रविवारी बाबा गेले.

रेकॉर्डिंगमध्ये बाबांनी घसा साफ केला आणि आतल्या घराकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं, "महामाया, लुंबिनी होती. घाईत होती. शनिवारी येते म्हणाली."

लुंबिनीने मान वर केली नाही.

"त्या शनिवारी मी भाकरी तिघांच्या थापल्या होत्या," आई म्हणाली. "दुपारी दोनपर्यंत त्यांनी जेवायला घेऊ दिलं न्हाई."