वास बाहेर जाता कामा नये

तीन खोल्यांच्या त्या घरात सगळ्यात थाटात राहत होते ते पाण्याचे कॅन. त्यांना स्वतंत्र खोली, खिडकीला जाड पडदा, आणि प्रत्येकाच्या गळ्यात तारखेची चिठ्ठी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यात जुना कॅन बाहेर यायचा, ताजा भरलेला आत जायचा, आणि ते जुनं पाणी काका-काकूंनी प्यायचं. ताजं कॅनला, शिळं माणसांना! बिस्किटांची तीच गत, दुधाच्या पावडरीची तीच गत. काकू वैतागायच्या, "अहो, मरायच्या आधी एकदा तरी कुरकुरीत बिस्कीट खाऊ द्या मला." काका मान वर न करता म्हणायचे, "जुनं आधी, नवं नंतर." बत्तीस वर्षं कारखान्याचं भांडार सांभाळलेला माणूस तो. निवृत्त झाला तो कारखान्यातून, भांडारातून नाही.

पण काकांना हसण्याआधी एक ऐकून घ्या. मागे एकदा गावाला पूर आला होता. तेव्हा भांडाराची किल्ली काकांच्या खिशात होती. त्यांनी दार सताड उघडलं आणि पाणी, घोंगड्या, औषधं, जो येईल त्याला दिलं. दोन दिवस घरी फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा त्यांची चार वर्षांची मुलगी जुलाबांनी चिपाड झाली होती. घरातलं पाणी संपलं म्हणून तिनं बादलीतलं गढूळ पाणी प्यायलं होतं. अठरा दिवस दवाखान्यात काढले तिनं. वाचली, मोठी झाली, आता लांबच्या शहरात स्वतःच्या संसारात दंग आहे. पण काकांनी त्या दिवशी कानाला खडा लावला तो कायमचा. घरात सगळं साठवायचं, आणि साठवलंय हे कुणालाही कळू द्यायचं नाही.

म्हणून मग पुराची रंगीत तालीम! तोही कार्यक्रम पहिल्या रविवारीच. काचांना काळा कागद लावायचा. दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबायचं. गॅस पेटवायचा नाही, कारण शेजाऱ्यांना पहिली खबर लागते ती फोडणीची. कोणी दार वाजवलं तर आतूनच, खोल आवाजात, "काही नाही हो आमच्याकडे," असं म्हणायचं. काकूंना ते वाक्य काकांनी दहादा म्हणायला लावलं होतं. "जरा रडवेलं म्हण," म्हणाले होते. काकूंनी तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात अख्ख्या गावाला बोलतं ठेवलं होतं, आणि आता म्हातारपणी ही मुकेपणाची शिकवणी! पण मुलीच्या त्या अठरा दिवसांत आपणही उशाशी बसलो होतो, हे त्या विसरल्या नव्हत्या. म्हणून त्या नवऱ्याच्या या खुळाला कधी आडव्या गेल्या नाहीत. महिन्यातून एक तासाचा तर प्रश्न, करू दे बापड्याला, असं म्हणून सोडून द्यायच्या.

सोमवारी दुपारी वरचा बांध फुटला. तिन्हीसांजेपर्यंत तळमजला बुडाला, जिन्याच्या नऊ पायऱ्या दिसेनाशा झाल्या. मंगळवारी होडी आली आणि इमारतीतली माणसं उतरवून घेऊन गेली. होडीवाल्यांनी काकांनाही हाका मारल्या. काका गॅलरीतून म्हणाले, "आधी लेकुरवाळ्यांना न्या. आम्ही राहतो." खाली कोणीतरी हात जोडले. काकूंना तेव्हाच ओशाळल्यासारखं झालं, कारण हा त्याग कशाच्या जिवावर चालला होता ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

काका-काकूंच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं. समोरच्या घरात शिवणवाली राहायची, तिच्या वडलांबरोबर. चाळिशीची बाई, काड्यापेटीएवढ्या घरात मशीन दाराशी मांडून बसायची आणि दिवसभर काकूंशी जिन्यापलीकडून गप्पा ठोकायची. वडील दोन वर्षं अंथरुणावर. त्यांना खांद्यावर घेऊन निसरड्या पायऱ्या उतरायला होडीवाले धजले नाहीत. "उद्या स्ट्रेचर घेऊन येतो," म्हणाले आणि गेले. तो उद्या काही उगवला नाही.

मंगळवारी दुपारीच काकांनी काळे कागद लावले, फडकं कोंबलं. आणि तालमीतला तासाचा खेळ आता उठता-बसता सुरू झाला. दिवसाढवळ्या घरात अंधार. अनवाणी चालायचं. खुर्ची सरकवायची नाही, उचलायची. जेवायला भिजवलेले हरभरे, खजूर आणि अर्थातच मऊ पडलेली बिस्किटं. हवा अशी कोंदली की काकूंचा सारखा पदराने वारा घेणं चाललेलं. खिडकी उघडू म्हटलं तर काका ओठांवर बोट ठेवायचे. मोबाइल केव्हाच बंद पडलेले. इतकं सगळं जवळ असून आपण चोरासारखे का बसलोय, हे काकूंना पहिल्या दिवशीच कळेनासं झालं होतं.

बुधवारी सकाळी दारावर थाप पडली.

"काकू, अहो काकू! तांब्याभर पाणी मिळेल का हो पिण्याचं? बाबांना काल गच्चीवरच्या टाकीचं दिलं, ते बाधलंय बहुतेक."

काकू तेव्हा मधल्या खोलीत होत्या. त्यांच्या समोर चोवीस कॅन. त्यांचा एक हात चक्क कॅनच्या झाकणावर होता. त्या दाराकडे वळल्या तोवर काका दाराशी पोचलेही होते.

"काही नाही गं पोरी आमच्याकडे," काका म्हणाले. आणि आवाज काय लावला होता म्हणून सांगू! एवढी वर्षं तालमी केलेला माणूस, एक शब्द चुकला नाही.

"बरं बरं," शिवणवाली घाईघाईनं म्हणाली. "असू दे काका. तुम्ही जपा हं."

तिची पावलं परत गेली. काकू नवऱ्याच्या अंगावर धावून गेल्या, पण कुजबुजत. भांडणसुद्धा कुजबुजत करायचं, याहून मोठी शिक्षा बायकोच्या जातीला नाही.

"तांब्याभर मागत होती ती. तांब्याभर!"

"आज तांब्या. उद्या कॅन. परवा होडीतून कोण कोण येतील."

"कोण येतंय इथं? सगळी इमारत रिकामी आहे."

"मागच्या वेळीही मी असंच दार उघडलं होतं. ते अठरा दिवस आठवतात ना?" काका म्हणाले. त्या दिवसांचं नाव निघालं आणि काकूंनी माघार घेतली. दरवेळी व्हायचं तसंच.

गुरुवार त्याहून वाईट. समोरून म्हाताऱ्याचं कण्हणं ऐकू येत होतं, बादलीचा खडखडाट, शिवणवालीची धावपळ. दुपारनंतर कण्हणं कमी झालं, तशा काकू उठून औषधांच्या डब्यापाशी गेल्या. जुलाबाच्या माणसाचं कण्हणं कमी होणं म्हणजे काय ते त्यांनी दवाखान्यात पाहिलं होतं. औषधांच्या डब्यात जलसंजीवनीची वीस पाकिटं होती, तारखेनुसार लावलेली.

"देऊन येते," त्या म्हणाल्या.

"काय सांगशील?" काकांनी विचारलं. रागानं नव्हे, खरंच विचारलं. "काल नाही म्हटलं. आज कुठून आलं म्हणशील?"

काकू कडी काढायला निघाल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. खरंच, काय सांगायचं? विसरलो होतो? पलंगाखाली सापडलं? काल एका वाक्यानं काम झालं असतं. आज त्या वाक्याआधी कालचं खोटं उकरून काढावं लागणार, आणि उद्या दोन दिवसांचं. जितका उशीर, तितकी कडी जड. काकू दाराला पाठ लावून खाली बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. आवाज न करता रडायची तालीम मात्र कोणी घेतली नव्हती, तरी जमलं.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला पुन्हा थाप.

"काकू, दार उघडा. मी काही मागायला नाही आले."

काका मान हलवत राहिले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी फडकं पायानं सारलं आणि दार हातभर उघडलं.

शिवणवाली समोर उभी. डोळे तांबारलेले, केस पिंजारलेले, ओठ सुकलेले. हातात एक वाडगा, त्यात दोन उकडलेले बटाटे, वाफ निघणारे. काखेत अर्धी बाटली पाणी.

"धरा," ती म्हणाली. "पाच होते, दोन तुम्हाला आणलेत. पाणी चारपदरी कापडातून गाळलंय आणि वीस मिनिटं उकळलंय, बिनघोर प्या. सिलिंडर संपायला आलाय, म्हटलं संपायच्या आत तुमच्यासाठी करून घ्यावं."

काकूंनी हात मागे घेतले. "अगं... आम्हाला कशाला..."

"कशाला म्हणजे? चार दिवस तुमच्या घरातून कसला वास नाही, भांड्याचा आवाज नाही, दिवा नाही. मला काय कळत नाही? रोज कान देऊन ऐकते मी. काल तर वाटलं, दोघं आत..." तिनं ते वाक्य गिळलं. "आणि एक सांगू? तुम्ही आमच्यासाठी मागे राहिलात, हेही मला कळतं. होडीत जागा होती. ही एकटी पडेल म्हणून काका राहिले. बोलून दाखवत नाहीत, पण मी जन्मात विसरणार नाही."

काकूंच्या मागे, अंधारात, काका उभे होते. त्यांचा श्वास काकूंना ऐकू येत होता.

"खा बघू माझ्यासमोर. तुम्ही नवऱ्याला द्याल आणि स्वतः उपाशी राहाल, मी ओळखून आहे. खा!"

आणि काकूंनी खाल्ला. काय करणार होत्या? बटाटा तोंडात घातला. चार दिवसांत पहिला गरम घास, आणि जीभ तरी किती बेइमान, चव लागली! त्यांनी तो न चावताच गिळला. शिवणवाली बाटली पुढं करून म्हणाली, "सावकाश. पाणी घ्या." त्या पाण्याचा घोट घेताना काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा कसे आहेत?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"काही राहिलं नाही काकू त्यांच्यात. डोळे खोल गेलेत. कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहते. रात्रीपासून लघवी नाही." ती हे पाठ केल्यासारखं भराभर म्हणाली आणि मग एकदम तिचा आवाज फाटला. "उकळलेलं पाणी चमच्यानं देतेय, पण आत काही राहतच नाही हो!"

मागे धप्पकन आवाज झाला. काका जमिनीवर बसले होते. चिमटीत उभी राहणारी कातडी त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिली होती.

काकूंनी शिवणवालीचं मनगट धरलं आणि तिला आत ओढलं. मधल्या खोलीत नेलं, पडदा आणि काळा कागद एका झटक्यात ओढून काढला, खिडकी उघडली. ऊन आत आलं. चोवीस कॅन. बिस्किटांचे डबे, दुधाची पावडर, डाळ-तांदळाच्या बरण्या, भरलेले दोन सिलिंडर, औषधांचा डबा, कंदील. सगळं रांगेत, चिठ्ठ्या लावून.

शिवणवाली बघत राहिली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं तिनं, आणि परत पहिल्या टोकाशी आली.

"परवा मी पाणी मागितलं," ती हळू म्हणाली, "तेव्हा हे इथंच होतं?"

"इथंच होतं," काकू म्हणाल्या. आता एकही खोटं उरलं नव्हतं त्यांच्याकडे. "मी इथंच उभी होते."

काका भिंतीला धरून आले. औषधांचा डबा उघडला. त्यांनी वीसच्या वीस पाकिटं काढली आणि तिच्यापुढे धरली. "एका लिटरला एक पाकीट. दर दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांब आणि परत सुरू कर. मी येतो कॅन घेऊन. मी बसतो त्यांच्यापाशी, मला येतं ते करायला."

शिवणवालीनं पाकिटं घेतली. नाकारून बाणा दाखवायला तिच्याकडे वेळ नव्हता, तिचा बाप मरत होता. तिनं पुढचाच कॅन दोन्ही हातांनी उचलला, नेमका सगळ्यात ताजा, काका-काकूंच्या वाट्याला जो शिळा झाल्यावरच आला असता. काका मदतीला वाकले तशी ती म्हणाली, "नको. तुम्ही नका येऊ."

वीस लिटर पाणी मांडीवर रेलत, थांबत थांबत, ती दारापर्यंत गेली. काकू मागे मागे. त्यांच्या हातात अजून तो वाडगा होता. उंबऱ्याबाहेर कॅन ठेवून शिवणवाली वळली आणि तिनं हात पुढं केला.

"तो बटाटा द्या इकडे."

काकूंना आधी कळलंच नाही.

"दुसरा. खाल्लेला राहू दे," ती म्हणाली. "बाबांचा होता तो."

काकूंनी वाडगा तिच्या हातात दिला. तिनं तो कॅनच्या झाकणावर ठेवला, कॅन पुन्हा उचलला आणि समोरच्या घरात गेली. जरा वेळानं पातेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, मग चमच्याचा, आणि वडलांना आर्जवणारा तिचा आवाज, "बाबा, आ करा. एवढंच. आ."

काकूंनी दार सताड उघडं ठेवलं होतं. घरात उजेड होता, वारा होता, लपवण्यासारखं काही नव्हतं. समोर चार पावलांवर ते दार होतं. काकूंनी एक पाऊल उचललं, आणि त्यांना ते टाकता येईना.

"काकू," चमचा न थांबवता शिवणवाली आतून म्हणाली, "तुमचं दार लावून घ्या."