कंदिलाच्या उजेडात ऐकू येतं

आमच्या गल्लीतला तो ओटा गेला, तिथे आता मोटारी लावतात. लावोत बापडे. पण उत्तर कलकत्त्यात ज्याने संध्याकाळी ओट्यावर बसून चार तास फुकट भांडण केलं नाही, त्याला मी माणूसच समजत नाही. आमची मजा आता टीव्हीसमोर चिडीचूप बसलेल्यांना काय कळणार?

ओट्यावरच्या आमच्या गप्पांच्या अड्ड्याचे दोन खांब होते. एक कालीकिंकरदा, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. दुसरा नीलरतनदा, ट्रामच्या कचेरीतून निवृत्त झालेला. दोघे शाळेपासूनचे सोबती, आणि शाळेपासून एकाही गोष्टीवर त्यांचं जमलं नव्हतं. मी दोघांपेक्षा वीस वर्षांनी लहान, चहाची मातीची भांडी हातोहात फिरवायची आणि भांडण विझू द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

नीलदाने लग्न केलं नव्हतं. पुतण्याच्या घरात मागच्या खोलीत राहायचा आणि तिथे त्याच्याशी जेवणाच्या हाकेपलीकडे कोणी बोलत नसे. त्याचं बोलणं, हसणं, रागावणं, सगळं आमच्या ओट्यावरच. तो ओटा काढून घेतला असता तर त्याच्याकडे नुसती खाट उरली असती.

मेट्रोसाठी रस्ते खणत होते तेव्हाची गोष्ट. नीलदा एक दिवस म्हणाला, एवढा मोठा खड्डा केलाय, शहराची सगळी हवा खाली उतरली. वर हवेचा दाब उरला नाही, म्हणून आवाज पातळ झालेत. कालीदा उसळलाच. हवा म्हणजे काय हौदातलं पाणी आहे का, म्हणून त्याने तासभर झाडलं. नीलदा मुरमुरे चघळत मजेत ऐकत होता. मग उन्हाळा लागला, रोज संध्याकाळी लोडशेडिंग सुरू झालं आणि नीलदाने नवीनच काढलं. म्हणे आवाजाला स्वतःचे पाय नसतात, तो उजेडाच्या खांद्यावर बसून येतो. दिवे गेले की आवाज जागच्या जागी खाली पडतो. अंधारात तुम्हाला ऐकू येतं ते खरं ऐकणं नव्हे, सवयीने केलेला अंदाज आहे.

आता सांगा, शहाण्या माणसाने यावर काय करावं? वैद्य गाठावा. आम्ही काय केलं? महिनाभर वाद घातला. अर्धी गल्ली दोन पक्षांत वाटली गेली. आंधळ्यांना कसं ऐकू येतं, असं कोणी विचारलं तर नीलदा म्हणे, उजेड त्यांच्याभोवती असतोच की, त्यांना दिसत नाही एवढंच. बंगाली माणसाला असा मुद्दा मिळाला की त्याला समोरचा माणूस दिसेनासा होतो.

शेवटी कालीदाने पैज लावली. दिवे गेल्यावर तो एक वाक्य बोलणार, ते नीलदाने जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. दाखवलं की त्याचा सिद्धांत खोटा. आणि वादात हरला त्याने महालयेपर्यंत, म्हणजे दुर्गापूजा तोंडावर येईपर्यंत, ओटा चढायचा नाही, हा आमचा जुना कायदा. तो कधी कोणाला लागू झाला नव्हता, कारण आमच्यात कधी कोणी हरलंच नव्हतं. नीलदा म्हणाला, "आणि मला ऐकू आलं नाही, तर हरलास तू." कालीदा हसला. "खोटं बोलणार नाहीस, एवढं मला माहीत आहे," म्हणाला.

त्या संध्याकाळी दिवे गेले. कालीदा उठून नीलदाच्या पाठीमागे गेला आणि चांगल्या खणखणीत आवाजात बोलला, "नीलू, या वर्षी तुझ्या मोहनबागानला एकही गोल जमायचा नाही."

आम्ही कानांवर हात ठेवले. आपल्या लाडक्या फुटबॉल संघाला, मोहनबागानला, कोणी नुसतं नाक मुरडलं तरी नीलदा चप्पल काढायचा. पण काहीच झालं नाही. समोरच्या पानवाल्याने मेणबत्ती लावली, तेव्हा दिसलं की नीलदा कालीदाच्या रिकाम्या जागेकडे बघून हसतोय.

"बोल की रे," तो त्या रिकाम्या जागेला म्हणाला. "घाबरलास?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दिवसा तो आमचे ओठ वाचत होता, किती महिन्यांपासून कोण जाणे. बहिरा झालो म्हटलं तर आम्ही त्याला अड्ड्यावर नुसता बसवून ठेवू, वाद घालणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून बिचाऱ्याने हवा, दाब, उजेड, सगळ्या सृष्टीवर आळ घेतला, पण स्वतःच्या कानांवर येऊ दिला नाही.

कालीदा पुढे आला. मेणबत्तीचा उजेड आपल्या तोंडावर पडेल असा उभा राहिला आणि सावकाश म्हणाला, "बोललो मी. अंधारात माझं मलाच ऐकू आलं नाही. हरलो."

चप्पल पायात घालून तो ओटा उतरला.

तीस वर्षं न्यूटनसाठी लोकांशी भांडलेला माणूस हा! समोरच्या फुटपाथवरून छत्री धरून जायचा, पण वळून बघायचा नाही. त्याच्याविना आमच्या वादांना चवच उरली नाही. रोज दिवे गेले की मात्र त्याच्या घरून एक पेटवलेला कंदील यायचा, आवाज वाहायला. त्या कंदिलाशी बसून नीलदा आमच्याशी भांडायचा. पावसाळा तसाच गेला.

महालयेला संध्याकाळी कालीदा ओटा चढला. दिवे गेलेलेच होते. नीलदाने सरकून त्याला जागा दिली आणि हल्ली बोलायचा तसा गल्लीभर मोठ्याने म्हणाला, "काली, तुला ऐकू आलं होतं. मला माहीत आहे."

कालीदाने डोळे पुसले, कंदील उचलून दोघांच्या मध्ये ठेवला आणि वात मोठी केली.

"काय म्हणालास? उजेड कमी होता," तो म्हणाला. "आता बोल."