सासऱ्याच्या गाडीची खटखट

लूमच्या खडखडाटात हिलालच्या कानांचं इतकं पीठ झालं होतं, की दिवाळीत शेजारी सुतळी बॉम्ब फुटला तर तो "कोण आलं?" म्हणत दार उघडायला उठायचा. ही खोटी गोष्ट नाही. सुरतेजवळचं अर्धं कडोदरा साक्षीला आहे, आणि उरलेलं अर्धं त्याच्याइतकंच बहिरं आहे.

म्हणून बारडोलीहून परत येताना मोटरसायकल खटखटत होती तरी हिलाल मजेत होता. जाताना बसने गेलेल्या आणि आता मागे बसलेल्या बायकोने, शोभाबाईने, त्याच्या पाठीत बुक्की घातली.

"ओ रंजनाना बाप! हाई काय वाजी ऱ्हायनं?"

"काय?"

"गाडी! दात वाजाडी ऱ्हायनी, थंडी भरल्यासारखी!"

हिलालने कचकन ब्रेक दाबला. कारण गाडी त्याची नव्हती. ती होती व्याह्यांची, सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या बन्सीलाल जॉबरची, म्हणजे लूमवरच्या मुकादमाची. भाचीच्या बारशाला जायचं म्हणून मागून आणलेली. आणि बन्सीलालचा स्वभाव असा, की हिलालच्या पोरीच्या, रंजनाच्या, रुखवतातल्या हंड्याला एक पोचा निघाला होता, तर लग्नाला तीन वर्षं उलटूनही सून पाणी भरायला उठली की हा बसल्या जागेवरून म्हणे, "जपून हो, पोचा आहे त्याला." हंड्याची ही कथा, तर इंजिनाचं पोरीला जन्मभर ऐकावं लागणार. नातवाच्या लग्नातसुद्धा.

नाक्यावरचा मिस्त्री शटर ओढतच होता. त्याने क्षणभर कान दिला. "काका, टायमिंग चेन ढीली छे. टेन्शनर जोवुं पडशे." साखळी ताणून धरणारा टेन्शनर दाखवायला सिलिंडरच्या मागच्या एका बोल्टवर बोट ठेवलं, "काले आवजो," उद्या या म्हणाला आणि गेला.

"गाडीचं टेन्शन सैल झालं म्हणे," हिलाल बायकोला म्हणाला. "ते सगळं माझ्या अंगावर आलं असणार."

गाडी आजच परत द्यायची होती. हिलालने ती खोलीसमोर उभी केली, पाना आणला आणि कामाच्या पिशवीतून मागाचा लाकडी धोटा काढला. लूमवर बिघाड हुडकायची ही त्याची रीत. धोट्याचं लोखंडी टोक यंत्राला टेकवायचं आणि लाकूड दातांत धरायचं. कान मेले तरी दात जिवंत होते. त्याने इंजिन सुरू ठेवलं, धोटा टेकवला, चावला, आणि कवटीत खट खट खट सुरू झाली. शोभाबाई खरं बोलत होती. त्याला तिचा इतका राग कधीच आला नव्हता.

साखळी सैल, म्हणजे बोल्ट आवळायचा. त्याने आवळला. खट खट. आणखी आवळला. खट खट. आणखी जोर केला तसा बोल्ट असा करकरला, की हिलालने पाना खाली टाकला.

"तोडशात!" शोभाबाई ओरडली. "मग काय धोटा चावत बसशात व्याह्यांसमोर?"

हिलाल घामाघूम होऊन खाली बसला. बोल्ट तुटला तर? त्याला डोळ्यांसमोर बन्सीलाल दिसला, बारशाच्या, मुंजीच्या, लग्नाच्या पंगतीत: "जपून हो, बोल्ट तुटलाय तिचा."

आणि भीतीने डोकं रिकामं झालं, तेव्हा त्यात लूम शिरली. लूमवर ताणा, म्हणजे उभे धागे, हाताने कोण ओढतं? धागे गुंडाळलेल्या बीमच्या दोरीला वजन लोंबतं, तेच ताणा ओढून धरतं. वजन कुठे अडकलं की ताणा ढिला पडतो. मग काय करायचं? वजन मोकळं सोडायचं!

"हा बोल्ट ओढणारा नाहीच," तो पुटपुटला. "हा ओढणाऱ्याला धरून बसलाय."

त्याने धोटा पुन्हा दातांत धरला, डोळे मिटले, आणि साखळी घट्ट करण्यासाठी बोल्ट सैल केला. आत कुठेतरी साखळी ताणणाऱ्या स्प्रिंगने उसासा टाकला, एक मऊ धक्का दातांत आला, आणि खटखट थांबली. अशी थांबली, की हिलालला वाटलं दात पडले. त्याने बोल्ट जागेवरच कसला, पण बेताने.

पर्वत पाटियापर्यंत गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली.

बन्सीलालच्या घरात टीव्ही मोठ्याने चालू होता. सासू देवळात, सासरा बाहेर, आणि रंजना सासऱ्याच्या झोपाळ्यावर पाय पसरून चिंचा खात होती. दारात सावली पडताच ती अशी उडाली, की चिंचा एकीकडे, पदर दुसरीकडे.

"आबा! तुम्ही? गाडी वाजली कशी नाही?"

"वाजत होती. आजच बिघडली. मीच नीट केली." हिलाल छाती फुगवून म्हणाला.

"आजच कुठली! मी या घरात आल्यापासून वाजते ती." रंजनाचा चेहरा उतरला, ती त्याच्या कानाशी ओरडली. "मामंजींना ऐकू येत नाही, म्हणून त्यांना पत्ता नाही. ती कोपऱ्यावर खटखटली की मी टीव्ही बंद करते, झोपाळा सोडते, चहा टाकते. आबा, आता हा माणूस न सांगता येईल हो घरात!"

हिलाल मटकन झोपाळ्यावर बसला. पोरीला टोमण्यांतून वाचवायला निघाला होता, आणि तिची घंटाच काढून घेऊन बसला होता.

बन्सीलाल समोरून येताना दिसला. विचाराला वेळच नव्हता. हिलाल गाडीकडे धावला, पिशवीतून ताण्याचा दोरा काढला आणि धोटा मागच्या मडगार्डखाली, चाकाच्या आऱ्यांना लागेल असा, टांगला.

"व्याहीबुवा, हे काय?" बन्सीलाल लूमवाल्यांच्या आवाजात ओरडला.

"नजर लागू नये म्हणून!" हिलालही ओरडला. "फार गुणी गाडी आहे तुमची! सोडू नका हं तो!"

जॉबर माणूस, धोट्याला नाही कसं म्हणणार? त्याने गाडी वाकून वाकून तपासली. पोचा नाही, ओरखडा नाही. नाइलाजाने बन्सीलालने किक मारली आणि कोपऱ्यापर्यंत चक्कर मारायला निघाला.

"रंजी," हिलाल कासावीस होऊन म्हणाला, "वाजतंय का गं? माले तं काहीच ऐकू येत नही."

त्याने वळून पाहिलं, तर रंजना तिथे नव्हतीच. टीव्ही बंद होता, रिकामा झोपाळा हलत होता, आणि आत स्टोव्हवर चहाचं पाणी चढलं होतं.