परीक्षेचा पेशंट

बाबली बायकोला चमच्याने पेज भरवत होता आणि आमच्या वर्गातल्या पोरी वॉर्डाच्या दारात उभ्या राहून पाघळत होत्या. "कित्ती सांभाळता गो! असा घोव मिळायला नशीब लागतं," तेजस्विनी म्हणाली. मी मात्र तोंड फिरवलं. कारण त्याच दिवशी सकाळी त्याच्या बायकोचं, देवकीचं, अंग पुसून दिलं होतं ते मी, आणि तिची पाठ पाहिली होती तीही मीच.

गोवा राज्य झालं, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. डिचोलीकडच्या एका इस्पितळात आम्ही नर्सिंग शिकत होतो. माझं नाव भाग्यलक्ष्मी. नाव मोठं, लक्षण खोटं. घर तुयेला, बाबा वेंगुर्ल्याकडून कारखान्यात कामाला आलेले. पुस्तक मला तोंडपाठ असायचं, पण परीक्षक समोर उभे राहिले की जीभ टाळूला चिकटायची. एकदा आपटले होते. पुन्हा आपटले तर शिक्षण बंद आणि सावंतवाडीचं स्थळ गळ्यात, असं बाबांनी सांगूनच टाकलं होतं.

आमच्यात 'परीक्षेचा पेशंट' म्हणून एक प्रकार असतो. प्रत्येकीला एक खाट मिळते. त्या पेशंटची सगळी हकिगत खाटेशी उभं राहून परीक्षकांना सांगायची. पेशंट मध्येच काहीतरी वेगळं बोलला की परीक्षक पोरीला सोलून काढतात. म्हणून आदल्या दिवशी त्याला पढवायचं: काकी, विचारलं तर असंच सांगा हां! आमच्या अर्चना मॅडमसुद्धा त्यासाठी वॉर्डातून एक फेरी मारायच्या.

माझ्या वाट्याला देवकी आली. आमोण्याची, डाव्या हाताला प्लास्टर. "न्हाणयेत निसरून पडलंय," असं दाखल होतानाच सांगितलेलं. पण पाठीवर वळ होते. काही ताजे, जांभळे. काही जुने, पिवळे पडलेले. अरे, माणूस न्हाणीत एकदा पडेल! दर पंधरवड्याला पाठीवर कोण पडतं?

"काकी, कोणी मारलं?" अंग पुसतानाच मी विचारलं.

तिने खिडकीबाहेर बघितलं. "सांजेक ये गो बाय. सांगतंय तुका."

संध्याकाळी गेले, तर बाबलीची पेज भरवून झालेली आणि देवकीचं तोंड शिवलेलं. "पडलंय गो. न्हाणयेतच पडलंय." मला वाटलं, त्यानेच दम भरला असणार.

होस्टेलवर मी विषय काढला. तेजस्विनी वेणी घालत म्हणाली, "तिनेच काहीतरी केलं असेल. उगाच कोण मारतो? आमचे बाबा पण कधी रागात आईला एखादी लगावतात. म्हणून काय झालं?" बाकीच्या हसल्या. शरीरातलं हाडन् हाड पाठ असलेल्या पोरी ह्या! उद्या पांढरे कपडे घालून हीच डोकी वॉर्डात फिरणार. थू! मला त्यांच्या पंगतीला जेवण गेलं नाही.

त्याच रात्री अर्चना मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ते आपल्या विषयात येत नाही. हाड मोडलं, प्लास्टर घातलं, काळजी काय घ्यायची, एवढंच बोल. तुला पास व्हायचंय ना? तुझी झेप मला ठाऊक आहे." वर्षभर राजभाषा मराठी की कोंकणी म्हणून ह्याच बाई तावातावाने भांडत होत्या. बायकांना शिव्या खाव्या लागतात त्या मात्र दोन्ही भाषांत, हे त्यांच्या विषयात येत नव्हतं.

परीक्षेच्या सकाळीच देवकीला घरी सोडणार होते. बाबली गाठोडं काखेत मारून वॉर्डात उभा. परीक्षक बाई खाटेशी आल्या. मी तोंड उघडलं आणि झालं, जीभ चिकटली! मॅडमनी सुस्कारा सोडला. तेजस्विनीने कोणाला तरी कोपर मारलं. तेवढ्यात बाबली गोड आवाजात म्हणाला, "घाबरू नको गो चेडवा. पडला ता न्हाणयेत."

माझं डोकंच फिरलं.

"पडल्याने हे झालेलं नाही," मी म्हटलं. "मार अडवायला हात वर केला की मोडतं, ते हे हाड. पाठीवरचे वळ एका दिवसाचे नाहीत. हिला घरी पाठवणं धोक्याचं आहे."

परीक्षक बाईंनी देवकीला विचारलं, "खरं का हो?"

देवकीने माझ्याकडे बघितलं, मग मॅडमकडे. "ना बाई. न्हाणयेत पडलंय."

बाईंनी स्वतः तिची पाठ बघितली. नीट बघितली. मग मला म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. छान निरीक्षण. पास." आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

बस्स! एका बाईची वळांनी भरलेली पाठ बघून मला मार्क दिले आणि चालू लागल्या. मॅडमनी माझी पाठ थोपटली. मला तो हात झटकून टाकावासा वाटला. ज्या पास होण्यासाठी देवाला नारळ बोलले होते, त्याची मला शिसारी आली.

"चल गो," बाबली म्हणाला.

देवकीने माझ्या ॲप्रनचं टोक पकडलं. "बाय, पास झालंस मगो?"

"झाले."

"आता कोण काढून घेवचो नाय मां?"

"नाही काकी. का?"

"तुझ्या मास्तरणीन काल सांगल्यान, न्हाणयेत पडलंय म्हणूनच सांग, नायतर पोरगी नापास होतली आणि घराक बसतली. म्हणान गप रवलंय." मग तिने मान वर केली आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी बोलली, "ह्येणां माका मारल्यान. माका घराक धाडू नकात!"

परीक्षक बाई जागीच थांबल्या. मॅडम खाली बघू लागल्या. मी बाबलीच्या काखेतलं गाठोडं ओढून घेतलं, परत देवकीच्या खाटेवर ठेवलं आणि डॉक्टरांना बोंबलून हाक मारली.